लहान मेंदूंतील निरोप्ये

वांगणी हें नांव ऐकतांच मुंबईकराच्या डोळ्यांपुढें कर्जतच्या वाटेवरील रेल्वे स्टेशन येतें. पण त्याच नांवाचें एक गांव जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत, आजच्या पालघर जिल्ह्यांतही आहे. आणि येथें जी हकीकत सांगावयाची आहे तिचा आरंभ ह्या दुसऱ्या वांगणीच्या बाजूनें केलेला बरा. भाताची कापणी आटोपली कीं ह्या पट्टींतल्या वारली पाड्यांवर तारपा वाजूं लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढें ताडाच्या पानांचा कर्णा, असें हें वाद्य. तारपकरी मध्यें फुंकीत असतो आणि त्याच्या भोंवतीं, एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या नाचणाऱ्यांची माळ फिरत असते. तारप्याचा सूर बदलला कीं माळेचें पाऊल बदलतें. जमीन खडबडीत, प्रकाश अपुरा, शेजाऱ्याच्या पायांकडे पाहण्याची सोय नाहीं. तरीही पाऊल पडावयाच्या क्षणींच पडतें, आणि अडखळणारा क्वचितच दिसतो.

अशा एखाद्या नाचणाऱ्याला मध्येंच थांबवून, डावा गुडघा किती वांकविला आणि तो नेमका केव्हां सरळ केला, असें विचारलें तर तो हंसेल. त्याला तें ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. तो हिशेब त्याच्या डोक्याच्या मागच्या भागांत, त्याच्या नकळत, चाललेला असतो. तो कोण ठेवतो, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, हिशेबनीसांचे निरोप एकमेकांकडे पोंचतात तरी कसे, हा येथला विषय आहे.

मानेच्या किंचित् वर, मोठ्या मेंदूच्या मागील भागाखालीं, लहान मेंदू वसलेला आहे. त्याचें वजन सुमारें दीडशें ग्रॅम, म्हणजे सबंध मेंदूच्या एकदशांशाच्या आसपास. परंतु नांवावरून त्याची योग्यता ठरवूं नये. २००९ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं माणसाच्या मेंदूंतील पेशी मोजण्याची एक नवी रीत वापरली, तेव्हां एकंदर मज्जापेशी सुमारें ८६ अब्ज भरल्या. आणि त्यांपैकीं सुमारें ६९ अब्ज ह्या लहानशा गोळ्यांत सांपडल्या. विचार, भाषा, कल्पना ह्यांचें माहेर म्हणून मिरविणाऱ्या मोठ्या मेंदूच्या वाट्याला उरलेल्यांतला बहुतेक हिस्सा येतो, इतकेंच. पाऊल टाकणें, घास तोंडापर्यंत नेणें, सुईंत दोरा ओंवणें, शब्द न अडखळतां उच्चारणें, ह्या गोष्टी आपोआप होतात असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्या 'आपोआप'मागें केवढी फौज राबत असते हें ह्या आंकड्यांवरून कळावें.

ह्या फौजेंतील सर्वांत देखणी पेशी प्रथम वर्णन केली ती यान पुर्किन्ये ह्या चेक शास्त्रज्ञानें, १८३७ सालीं. तिला आजही पुर्किन्ये पेशी असेंच म्हणतात. एका सपाट भिंतीवर पसरलेल्या, पानें गळालेल्या पिंपळासारखा तिचा आकार असतो. पण ह्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या आहेत कीं सुट्या आहेत, हा वाद पुढें बरींच वर्षें चालला. इटलीच्या गोल्जीनें १८७३ सालीं रौप्यक्षारानें मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ति शोधली. त्याचें मत असें, कीं सगळा मेंदू म्हणजे एक अखंड जाळें आहे. स्पेनच्या काहालनें गोल्जीचीच युक्ति घेतली, पक्ष्यांच्या लहान मेंदूवर ती चालविली, आणि १८८८ सालीं गोल्जीचेंच मत खोडून काढलें: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, एकीची शाखा दुसरीच्या अगदीं जवळ येते, पण तिच्यांत मिसळत नाहीं. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळालें, आणि स्टॉकहोम येथें त्या समारंभाच्या व्याख्यानांतही दोघे एकमेकांविरुद्ध बोलले. निकाल काहालच्या बाजूनें लागला.

पण ह्या निकालानें एक नवें कोडें उभें केलें. पेशी सुट्या असतील तर त्यांच्यामध्यें फट असली पाहिजे; आणि फट असेल तर निरोप ती ओलांडतो कसा? पेशीच्या अंगावरून निरोप धांवतो तो विजेच्या लाटेच्या रूपानें, हें माहीत होतें. तेव्हां हीच वीज ठिणगीप्रमाणें पलीकडे उडी घेत असावी, असें पुष्कळांना वाटे. ह्याला पहिला मोठा धक्का १९२१ सालीं ऑस्ट्रियांत ऑटो लेव्ही ह्यानें दिला. प्रयोगाची कल्पना त्याला स्वप्नांत सुचली. रात्रीं उठून त्यानें ती कागदावर खरडली, पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडलें तेव्हां तो उठून सरळ प्रयोगशाळेंत गेला, असें तो स्वतः सांगत असे. प्रयोग अगदीं साधा. बेडकाचें एक हृदय क्षारजलांत ठेवून त्याची मंद गति करणारी नस चेतविली; हृदय मंदावलें. मग त्या हृदयांतलें पाणी काढून दुसऱ्या, नस नसलेल्या हृदयांत घातलें, तेंही मंदावलें. पाण्यांतून वीज आली नव्हती. आलें होतें तें एक द्रव्य. १९३६ सालीं लेव्हीला हेन्री डेलबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. तरी मेंदूंतही असेंच घडतें हें मान्य होण्यास आणखी पंधरा वर्षें लागलीं. विद्युत्पक्षाचा कट्टर पुरस्कर्ता जॉन एक्लस ह्यानें १९५१ सालीं स्वतःच्याच प्रयोगानें आपला पक्ष खोटा ठरविला, आणि तो उघडपणें दुसऱ्या बाजूला गेला. शास्त्राच्या इतिहासांत असा प्रामाणिकपणा वाटतो तितका सुलभ नाहीं.

आज ह्या फटीची रुंदी ठाऊक आहे: सुमारें वीस नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एक. निरोप देणाऱ्या पेशीच्या टोकाशीं अतिसूक्ष्म पिशव्या सज्ज असतात, आणि प्रत्येक पिशवींत निरोप्या-द्रव्याचे हजारों रेणु भरलेले असतात. विजेची लाट टोकाशीं येऊन पोंचली कीं तेथल्या पडद्यांतील बारीक दारें उघडतात आणि बाहेरचें कॅल्शियम आंत शिरतें. कॅल्शियमचा स्पर्श होतांच पिशव्या पडद्याशीं एकजीव होऊन फटींत रित्या होतात. पलीकडच्या पेशीवर त्या द्रव्याची वाट पाहणारे ग्राहक बसलेले असतात. कुलपांत किल्ली बसावी तसा रेणु त्यांत बसतो आणि त्या पेशींत नवी वीज उत्पन्न होते किंवा असलेली दबते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास उरकतो. पण निरोप पोंचवून भागत नाहीं; तो पुसूनही टाकावा लागतो. म्हणून शेजारच्या पेशी सांडलेलें द्रव्य तत्काळ शोषून घेतात. पाटी पुसली नाहीं तर पुढचें अक्षर वाचावयाचें कसें?

लहान मेंदूंत ह्या निरोप्यांपैकीं दोन मुख्य आहेत. एक ग्लुटामेट, जो पलीकडच्या पेशीला 'चल' म्हणतो. दुसरा गाबा, त्याचें संपूर्ण नांव गॅमा-अमिनो-ब्युटिरिक आम्ल, आणि तो म्हणतो 'थांब'. गंमत अशी, कीं दुसरा पहिल्यापासूनच तयार होतो: ग्लुटामेटच्या रेणूंतून एक तुकडा काढून टाकला कीं गाबा बनतो. अंगाबाहेरच्या जगाची व हातापायांच्या स्थितीची बातमी लहान मेंदूंत आली कीं ती प्रथम कणपेशींकडे जाते. वर सांगितलेल्या ६९ अब्जांपैकीं बहुतेक सर्व ह्याच चिमुकल्या पेशी. प्रत्येक कणपेशी एक बारीक तंतु वर पाठविते, तो दोन्ही बाजूंना फांटा फुटून समांतर धांवतो आणि वाटेंतल्या पुर्किन्ये पेशींच्या फांद्यांना ग्लुटामेटचा निरोप देत जातो. अशा दीड-दोन लाख तंतूंचें बोलणें एकटी पुर्किन्ये पेशी ऐकते. ह्याशिवाय तिला एकच, पण फार बलवान्, असा दुसरा तंतु भेटतो. तो मस्तिष्कस्तंभांतून येऊन वेलीसारखा तिच्या फांद्यांवर चढतो, म्हणून त्याला आरोही तंतु म्हणतात. समांतर तंतूंची कुजबूज अखंड चाललेली. आरोही तंतु सेकंदाला सुमारें एकदां बोलतो, पण बोलतो तेव्हां सबंध झाड हालतें.

एवढें ऐकून घेऊन पुर्किन्ये पेशी बोलते तरी काय? लहान मेंदूच्या सालींतून बाहेर जाणारा शब्द हा तिचाच असतो. दुसऱ्या कोणा पेशीला तो अधिकार नाहीं. तेव्हां तो शब्द काहीं तरी भारी आज्ञेचा असावा अशी अपेक्षा होती. १९६४ सालीं जपानचे मासाओ इतो व त्यांचे सहकारी योशिदा ह्यांनीं मांजराच्या मेंदूवर तपासून पाहिलें, आणि निघालें तें उलटेंच. पुर्किन्ये पेशी कोणालाही 'चल' म्हणत नाहीं. तिच्या तोंडीं एकच शब्द आहे, 'थांब'. तीन वर्षांनीं इतोंच्याच मंडळींनीं दाखविलें, कीं त्या पलीकडच्या पेशींना गाबा लावला असतां पुर्किन्येच्या निरोपाचाच परिणाम होतो. अमेरिकेंत यूजीन रॉबर्ट्स ह्यांना हें द्रव्य मेंदूंत १९५० सालींच सांपडलें होतें. त्याचें काम काय, हें असें हळूहळू उलगडत गेलें.

चालना देण्याच्या कामावर नेमलेल्या अवयवाचा अखेरचा शब्द 'थांब' असावा, हें प्रथम विचित्र वाटतें. पण रात्रीं पाटाला दारें धरणाऱ्या शेतकऱ्याला तें विचित्र वाटणार नाहीं. पाणी तो उत्पन्न करीत नाहीं. तें पाटानें आपल्या ओढीनें येतच असतें. त्याचें कसब एवढेंच, कीं कोणत्या वाफ्याचें तोंड केव्हां बुजवावें आणि केव्हां मोकळें करावें. लहान मेंदूच्या गाभ्यांत ज्या पेशींचे पुंजके आहेत त्या स्वभावतःच चालू असतात. त्यांची धांव अडविणें नि क्षणभर सोडणें हें पुर्किन्ये पेशींचें काम. सेकंदाला सुमारें पन्नास वेळां त्या 'थांब' म्हणत असतात. पाऊल पडावयाचें त्या क्षणीं त्यांतील कांहीं पेशी गप्प होतात, गाभ्यांतील पेशींना मोकळीक मिळते, आणि नेमका तोच स्नायु तेवढ्याच जोरानें आवळला जातो. तारप्याच्या तालावर पडणारें पाऊल हें असें असंख्य नकारांतून कोरून काढलेलें असतें.

तें शिकलें जातें कसें, हा प्रश्न ह्याहून अवघड आहे. डोळ्यांचें उदाहरण घ्यावें. छापील पान हातांत धरून डोकें डावीकडे-उजवीकडे हालवीत वाचलें तर अक्षरें स्पष्ट दिसतात. पण डोकें स्थिर ठेवून तेंच पान तितक्याच वेगानें हालविलें तर अक्षरें पुसट होतात. पहिल्या खेपेस डोकें जितकें उजवीकडे वळतें तितके डोळे डावीकडे वळवून हिशेब चुकता केला जातो. आतां नवा चष्मा लागला कीं हा हिशेब चुकतो. मान वळवितांच जमीन सरकल्यासारखी वाटते. चार-आठ दिवसांत तें नाहींसें होतें. चष्मा तोच, डोळे तेच. मग बदललें काय?

इंग्लंडच्या डेव्हिड मार ह्यानें १९६९ सालीं आणि अमेरिकेच्या जेम्स अल्बस ह्यानें १९७१ सालीं, निव्वळ तर्कानें, असें सुचविलें कीं आरोही तंतु हा शिक्षक असावा. चूक झाली कीं तो बोलतो, आणि त्या वेळीं जे समांतर तंतु बोलत होते त्यांच्या शब्दाचें वजन बदलतें. मारच्या मतें तें वाढावें, अल्बसच्या मतें घटावें. १९८२ सालीं इतोंनीं प्रयोगानें दाखविलें कीं तें घटतें. त्यामागची रासायनिक घडामोडही पुढें उकलली: दोन्ही निरोप एकाच वेळीं आले कीं पुर्किन्ये पेशींत कॅल्शियम वाढतें, आणि अखेर ग्लुटामेटचे कांहीं ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आंत ओढून घेतले जातात. चुकीचा सल्ला देणाऱ्यासाठीं ठेवलेली खुर्चीच काढून घ्यावी, तसें हें होय. ही उपपत्ति इतकी सुबक आहे कीं तिचा मोह पडतो. परंतु २०११ सालीं ज्या उंदरांत ही क्रिया बंद पाडलेली होती ते उंदीरही नव्या हालचाली शिकले, असें दिसून आलें. म्हणजे मेंदूनें शिकण्याची एकच वाट ठेवलेली नाहीं. वजन घटविण्याबरोबर तें वाढविण्याची, आणि 'थांब' म्हणणाऱ्या इतर पेशींचा आवाज कमीअधिक करण्याची, अशा आणखी वाटा त्याच्यापाशीं आहेत.

हा नाजूक तोल बिघडला म्हणजे काय होतें, हें कोणत्याही गांवच्या रस्त्यावर दिसतें. मद्य लहान मेंदूंत पोंचलें कीं गाबाचा अंमल वाढतो; कणपेशींवर दडपण येतें, आणि अंगाची बातमी पुढें पुरेशी जातच नाहीं. मग पाय फांकतात, जीभ जड होते, नाकाला लावावयाचें बोट गालावर जातें. उतार पडला कीं हें बहुधा ओसरतें. पण वर्षानुवर्षांच्या अतिरेकी मद्यपानानें आणि त्याबरोबर येणाऱ्या कदन्नानें पुर्किन्ये पेशीच मरूं लागतात, आणि ती चाल मग शुद्धींतही सरळ होत नाहीं.

ह्यांत एक मोठा अन्याय दडलेला आहे. दारूच्या थेंबालाही न शिवलेलीं कांहीं माणसें अगदीं अशींच चालतात, अशींच बोलतात, आणि आयुष्यभर तो आळ सोसतात. त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला रोग असतो. ऐन तारुण्यांत किंवा तिशी-चाळिशींत पाऊल चुकूं लागतें, अक्षर बिघडतें, पुढें उभें राहणेंही कठीण होतें. अशाच रोगाचा एक प्रकार जगाच्या वैद्यकांत प्रथम स्पष्टपणें वेगळा ओळखला गेला तो मुंबईंत. जे. जे. रुग्णालयांतील डॉक्टर नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉक्टर स्वामी ह्यांनीं १९७१ सालीं 'ब्रेन' ह्या विलायती नियतकालिकांत नऊ घराण्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तोल जाणें हें लक्षण तर अशा सर्वच रोगांत असतें. वाडियांच्या नजरेनें टिपलें तें निराळेंच: ह्या रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातांना विलक्षण सावकाश जात. ही मंदता खुद्द लहान मेंदूची नव्हे, त्याच्या शेजारच्या मस्तिष्कस्तंभांतील पेशी झिजल्याची खूण आहे. पण नेमकी तीच ह्या रोगाला इतर भावंडांपासून वेगळें काढते.

पंचवीस वर्षांनीं, १९९६ सालीं, ह्या रोगाचें जनुक सांपडलें. बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत सी-ए-जी ही तीन अक्षरांची जोडी लागोपाठ लिहिलेली असते. निरोगी माणसांत बहुधा बावीस वेळां, रुग्णांत पस्तीसच्या आसपास किंवा त्याहून पुष्कळ अधिक. लिहिणाऱ्याची लेखणी अडकून तेंच अक्षर गिरवीत बसावी, तसा हा प्रकार. जितकी आवृत्ति जास्त तितका रोग लवकर. आणि पुढच्या पिढींत ती संख्या वाढण्याचा संभव असतो, म्हणून मुलाला तो बापापेक्षां कमी वयांत गांठतो. १९९८ सालीं वाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं सहा भारतीय घराण्यांची जनुकांसह तपासणी त्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि डोळ्यांच्या त्या मंदतेचें महत्त्व पुन्हां सिद्ध झालें. वाडिया २०१६ सालीं वारले.

बिघडलेल्या जनुकामुळें जें प्रथिन तयार होतें तें पुर्किन्ये पेशींना विशेष भोंवतें. पेशी मरण्याच्या आधींच त्यांचा बोलण्याचा ठेका मंदावतो. म्हणजे 'थांब' हा शब्द वेळेवर येईनासा होतो, आणि वाफ्याचीं दारें उघडीं राहतात. हें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें आहे. २०१७ सालीं अशा उंदरांत त्या जनुकाचा संदेश अडविणारें औषध दिलें तेव्हां त्यांची चाल सुधारली आणि पुर्किन्ये पेशींचा ठेकाही पुष्कळसा पूर्ववत् झाला. परंतु उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. हा रोग बरा करणारें औषध माणसासाठीं अद्याप नाहीं. नित्याचा व्यायाम, तोल सांवरण्याचा सराव, बोलण्याचा व गिळण्याचा अभ्यास, ह्यांनीं रुग्णाचे चालते-बोलते दिवस वाढविण्यास मदत होते, आणि तें थोडें नव्हे.

वाडियांची परीक्षा मात्र कोठेंही करतां येते. जव्हारच्या रुग्णालयांत किंवा एखाद्या पाड्यावरच्या ओटीवरही. डॉक्टर एका हाताचें बोट डावीकडे आणि दुसऱ्या हाताचें उजवीकडे धरतो, आणि मान न हालवितां आळीपाळीनें त्यांच्याकडे पाहावयास सांगतो. निरोगी डोळा ही उडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आंत घेतो. ती पाहणाराला टिपतां येत नाहीं. ह्या रोग्याचा डोळा सरपटत जातो, इतका कीं त्याचा प्रवास सहज दिसतो, आणि त्याला मदत म्हणून रोगी पापणी मिटतो किंवा नकळत मान वळवितो. अशी खूण दिसली तर पुढची पायरी रक्तांतील जनुकाच्या तपासणीची. रोग्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. ज्यांना अजून कांहींच झालेलें नाहीं अशा मुलामुलींनीं तपासणी करून घ्यावी कीं नाहीं, हें मग घरोघर वेगवेगळें ठरतें. कोणी लग्नाआधीं करून घेतो, कोणी जाणूनबुजून टाळतो. लक्षणें नसलेल्या अल्पवयी मुलांची तपासणी सामान्यतः केली जात नाहीं. तें ठरविणें त्यांच्यावरच, तीं मोठीं होईपर्यंत, राखून ठेवलें जातें.